डिस्क रिकामी परत आली

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लिफ्टमध्ये कुणी जरा जास्त गोड हसलं की माझा हात पर्सवर जातो. सिंगापुरात चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये समोरच्या फ्लॅटमधली चिनी आजी दर नववर्षाला संत्री आणून देते. मी हसून घेते आणि दार लावल्यावर विचार करत बसते, की हिला आपल्याकडून नेमकं काय हवं असेल? नवरा म्हणतो, "तुझ्या हातात असतं ना, तर तू संत्र्याचीही जबानी घेतली असतीस." घेतली असती. ही सवय मी काही हौसेनं लावून घेतलेली नाही. आमच्या घरांत ती बाळगुटीबरोबरच पोटात जाते. "आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न न दचकता ज्यांना आयुष्यभर ऐकता आला, त्यांनी मला खुशाल हसावं.

तर माझ्या वडिलांच्या पुस्तकाची ही गोष्ट. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. नांदेडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत ते मास्तर होते, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. नवी वही विकत आणणं त्यांच्या स्वभावात नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर, काळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात ते लिहायचे. मी सुट्टीवर गेले की गठ्ठा घेऊन यायची, इथे टाइप करायची आणि पुढच्या सुट्टीत गठ्ठा परत नेऊन द्यायची. दर रविवारी सकाळी फोनवर एकेक प्रकरण वाचून दाखवायची. ते स्वल्पविरामसुद्धा सांगायचे. "तिथं थांब घे माय, श्वास तुटतो वाचणाऱ्याचा."

मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. म्हणजे पूर्ण नाही. खिडकीत माणूस उभं राहिलं तर आकार कळतो, पण अक्षर संपलं. त्याच वर्षी पावसाळ्यात खाटेखालच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली. त्यांनी घाबऱ्या आवाजात फोन केला. आणि मी शहाणी, काय म्हणाले? "अण्णा, जीव नका लावू त्या कागदांना. सगळं कॉम्प्युटरवर आहे. कॉम्प्युटरला वाळवी लागत नाही." त्यांनी गठ्ठे अंगणात जाळून टाकले. माझ्या शब्दावर.

सतरा प्रकरणं. नांदेडच्या एका छापखान्याशी बोलणं झालं होतं. अण्णांना पुस्तक दिसणार नव्हतं, पण हातात धरायचं होतं. "जाडी कळंल ना," असं म्हणायचे. दुसऱ्यांदा लिहिणं आता त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

एवढा ऐवज मी कुठे ठेवला होता? एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. फक्त तिथे. लॅपटॉप भरला म्हणून मी अख्खं फोल्डर तिकडे हलवलं, आणि हलवलं म्हणजे बॅकअप झाला अशी स्वतःची समजूत घालून घेतली. माझा नवरा एका बँकेत हेच काम करतो. रोज संध्याकाळी हजारो लोकांच्या नोंदींच्या प्रती कुठे कुठे जातात यावर लक्ष ठेवणं, ही त्याची नोकरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तो वर्षानुवर्षं सांगत होता, एक वस्तू दोन ठिकाणी असेल तरच ती आहे असं समज, आणि त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं असू दे. क्लाउडवर ठेव म्हणाला. मी म्हणाले, क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी घर. कुणाच्या माळ्यावर आपलं गाठोडं कशाला टाकायचं? शिवाय आमचं खातं सामायिक. तो उघडून वाचणार. त्यानं ते वाचू नये असं मला का वाटत होतं, ते पुढे येईलच.

आता डिस्क घराबाहेर कशी गेली, ते सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझी मुलगी नाचली होती. सगळ्याचं चित्रीकरण सेरंगूनला राहणाऱ्या एका वहिनींकडे. वहिनी मूळच्या पुण्याच्या, मंडळाच्या जुन्या, त्यांच्याशिवाय इथं मराठी पान हलत नाही. त्यांचा निरोप आला, "डिस्क पाठव, भरून देते." इथल्या मराठी घरांतून डिस्का चकलीच्या डब्यासारख्या फिरतात. आणि डबा जसा कुणी रिकामा परत करत नाही, तशी डिस्कही करत नाही. तुम्ही मुलीचा नाच मागता, डिस्क येते चार नाटकं, दोन जुने सिनेमे आणि कुणाच्या तरी डोहाळजेवणासकट. घरात मोठी डिस्क एकच होती. मी ती कापडी पिशवीत घातली, वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला आणि सेरंगूनला नेऊन दिली. आत अण्णा आहेत, हे माझ्या ध्यानात होतं की नव्हतं? होतं. पण पंधरा दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं.

पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी पिशवी घेऊन आले. डब्यात लाडू होते. नवरा भाजी आणायला गेलेला, मुलगी ट्यूशनला. मी डिस्क टीव्हीला लावली. मुलीचा नाच बघायची घाई नव्हती मला. वहिनींनी काय काय भरून दिलंय, ते पाहायचं होतं. टीव्हीनं दोनचार प्रश्न विचारले, मी हो-हो केलं, आणि पडद्यावर काही आलं नाही. ना नाच, ना नाटक. बघा, म्हटलं, डब्यात लाडू आणि डिस्कमध्ये हवा.

रविवारी सकाळी अण्णांना वाचून दाखवायला म्हणून डिस्क लॅपटॉपला लावली. नाचही नाही आणि अण्णाही नाहीत. पांढरी स्वच्छ खिडकी, तळाशी लिहिलेलं, शून्य फाइली. मी तीनदा काढून तीनदा लावली. अण्णांना फोन केला आणि नेट चालत नाही असं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी."

मग वहिनींना फोन लावला. आवाज शक्य तितका सपाट ठेवला.

"वहिनी, डिस्क रिकामी आहे."

"रिकामी? अगं, नाच टाकलाय की मी. नाटकंही भरणार होते. पण उघडली तर 'अण्णांचं पुस्तक' म्हणून फोल्डर दिसलं. म्हटलं, कुणाच्या वडिलांचं काम आहे, आपण वर नको ढीग घालायला. म्हणून फक्त नाच टाकला आणि काढली."

"फोल्डर उघडलंत का तुम्ही?"

"छे गं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पहिलं पान फक्त. शाळेबद्दल होतं. काय सुरेख लिहितात गं तुझे वडील. आणि किती शुद्ध!"

झालं. किती शुद्ध! माझ्या डोक्यात त्या एका शब्दानं जाळ केला. शुद्ध नसणार असं का वाटलं होतं बाई तुम्हाला? पहिल्या पानावर अण्णांनी वस्तीचं नाव लिहिलंय. विहिरीचंही लिहिलंय. म्हणजे दहा वर्षं मी जे आडनावाच्या प्रश्नाला "नांदेडकडचे आम्ही" असं सांगून टोलवत होते, ते आता सेरंगूनला कळलं. आणि पुढचं वाचलं असेल, आवडलं नसेल, पुसून टाकलं असेल. किंवा रागानंही नाही, नुसतं निष्काळजीपणे, पायपुसणं झटकल्यासारखं. मला तर पहिलंच खरं वाटत होतं.

हे मी जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवलं. मुलगी भातातून मान वर न करता इथल्या ढंगात म्हणाली, "ममा, यू ऑलवेज सस्पेक्ट पीपल, लाह." नवरा म्हणाला, "आधी एक कर. त्या डिस्कला हात लावू नकोस. लावशील तितकं बिघडेल." मग त्यानं समजावून सांगितलं की पुसलेलं लगेच जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं होतं, पानं आत असतात. पण वर नवीन काही लिहिलं गेलं की खालचं पान कायमचं गेलं. मला त्याचाही संशय आला. इतका शांत कसा हा? यानंच तर काही साफसफाई केली नाही ना? आमच्या घरी अधूनमधून तो सगळ्या यंत्रांची झाडलोट करतो. विचारलंही. त्यानं ताटं उचलली.

मंगळवारी मी बुओना व्हिस्टाच्या माझ्या प्रयोगशाळेतून अर्धी रजा घेतली आणि एका जुन्या इलेक्ट्रॉनिक मॉलच्या चौथ्या मजल्यावर गेले. तिथे हरवलेल्या फाइली काढून देणारं एक छोटं दुकान आहे. मालक साठीचा चिनी गृहस्थ, कपाळावर भिंग चढवलेलं. इथे सगळ्यांना म्हणतात तसं मीही त्याला अंकल म्हणाले. तो म्हणाला, ठेवून जा, दोन दिवसांनी ये. मी म्हणाले, मी इथेच बसणार. माझ्या डोळ्यांसमोर उघडायची, आणि प्रत काढून स्वतःकडे ठेवायची नाही. अशी माणसं त्यानं रोज पाहिली असावीत. त्यानं एक स्टूल पुढे सरकवलं.

तीन तास मी त्या स्टुलावर होते. पडद्यावर नुसत्या आकड्यांच्या फाइलींची यादी वाढत होती. नावं गेलेली, फक्त क्रमांक उरलेले. अंकल एकेक उघडायचा आणि मान मागे करून मला विचारायचा, "धिस वन युवर लँग्वेज, आह?" तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. या माणसाला अण्णांचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. सबंध सिंगापुरात माझा विश्वास बसावा असा हा एकच माणूस निघाला.

"डिस्क कोणी फॉरमॅट केली?" त्यानं मध्येच विचारलं.

"एका ओळखीच्या बाईंनी," मी म्हणाले. "मुद्दाम."

त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. शनिवार, दुपारी चार वाजून काही मिनिटं. "टीव्ही केलाय. कॉम्प्युटर नाही. ही टीव्हीची पद्धत." मग म्हणाला की आधी कुणीतरी डिस्क नीट बंद न करता ओढून काढली असणार. त्यामुळे टीव्हीला ती वाचता आली नाही. टीव्ही तेव्हा विचारतो, साफ करू का? कुणीतरी हो म्हटलं.

शनिवारी चार वाजता ती डिस्क चोआ चू कांगला होती. भाजी आणायला गेलेला नवरा साडेचारला आला. मुलगी पाचला. रिमोट माझ्या हातात होता. वहिनींनी काय भरलंय ते तपासायची मला इतकी घाई होती, की टीव्ही काय विचारतोय हे मी वाचलंच नाही. हो म्हटलं. मग दुसऱ्यांदा विचारलं, नक्की का? नक्की, म्हटलं.

लाज वाटली. सरळ सांगते, फार लाज वाटली. आणि तरीही मनात एक कोपरा म्हणतच होता, की ओढून तर वहिनींनीच काढली ना!

साफ केल्यावर टीव्हीनं आपल्या कामासाठी लॅपटॉपला न दिसणारी एक मोठी फाइल वर बसवली होती. तिच्याखाली जी पानं आली ती गेली. अंकलनं जेवढी वाचवता आली तेवढी वाचवली. मी मोजत होते. पहिलं आलं. दुसरं आलं. चौथं अर्धं, म्हणजे गेल्यातच जमा. शाळेच्या पहिल्या दिवसाचं आलं. आईच्या लग्नाचं गेलं. मग अंकलनं एक फाइल उघडली, पूर्ण, नऊ पानं, एक काना इकडचा तिकडे नाही. म्हणाला, "धिस वन व्हेरी क्लीन. बट डिलीटेड अर्लिअर. लाँग टाइम अगो. यू डिलीट?"

हो. मीच केली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सगळ्या जगावर मी पुसल्याचा आळ घेत होते, आणि जाणूनबुजून पुसलेली एकच फाइल त्या डिस्कवर होती, ती माझी.

ते अकरावं प्रकरण. अण्णांना पहिली नोकरी लागली तेव्हा तालुक्याच्या गावात त्यांना खोली मिळेना. शेवटी त्यांनी भलतंच आडनाव सांगून एका वाड्यामागची खोली घेतली. दोन महिने सुखाचे गेले. मग एके दिवशी त्यांची आई, म्हणजे माझी आजी, अठरा कोस चालून पोराला भेटायला आली. अण्णा ओट्यावर होते, घरमालकीण शेजारी उभी. आजी फाटकात आली, पोराचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. तिनं ओळख दाखवली नाही. गावाकडची कुणी निरोप घेऊन आलेली बाई असावी तशी दोन शब्द बोलली, डबा ठेवला आणि पाणीही न पिता आल्या पावली परत गेली. अण्णांनी हे सगळं लिहिलं होतं, स्वतःला जराही न वाचवता.

टाइप मी शब्द न शब्द केलं होतं. मग मनात आलं, हे छापलं तर? आपले लोक अण्णांना नावं ठेवतील. आणि ते दुसरे, वाचून चुकचुकतील, त्यांना तेच हवं असतं. नवऱ्यानं वाचलं तर तो काय म्हणेल? मी प्रकरण काढून टाकलं आणि पुढचे आकडे बदलले. अण्णांना न विचारता. कागद तर जळलेच होते.

अंकलनं विचारलं, ही हवी की नको? मी पहिली ओळ वाचली. मग हवी म्हणाले.

सतरांपैकी बारा हाती लागली. घरी आल्यावर नवऱ्यानं दोन प्रती काढल्या. क्लाउडवर एक टाकली, आणि मी नाही म्हटलं नाही. वहिनींना फोन करून टीव्हीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "होतं गं असं. पुस्तक छापलं की मला एक प्रत हवी हं." त्या खरंच एवढंच म्हणाल्या. त्यांनी पहिल्या पानापुढे वाचलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. विचारलं तर त्या छे म्हणतील, आणि मग जरा थांबतील.

रविवार आला. इथले दहा, नांदेडला साडेसात. मी स्पीकर लावला आणि आधी वाईट ते सांगितलं. "अण्णा, पाच प्रकरणं गेली. माझ्या हातानं गेली."

कोणती गेली, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "अकरावं आहे का?"

मी फोन उचलून जवळ घेतला.

"मला दिसत नाही माय, पण मोजता येतं अजून. तू दहावं वाचलंस आन् पुढच्या रविवारी बारावं चालू केलंस. वर त्याला अकरावं म्हणलीस."

"तेव्हा का बोलला नाहीत?"

"काय बोलू? मी आईला दारातून परत धाडलं. तू तिला पुस्तकातून धाडलंस. माझ्यावरच गेलीस तू." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "ते एक लिहायचं म्हणून बाकीची सोळा लिहिली मी. थेट तिथं हातच जात नव्हता. पाच गेली म्हणतीस, जाऊ दे. ते आहे ना? वाच. तुझ्या पोरीला बोलव. तिलाही ऐकू दे."

मी हाक मारली. मुलगी आली, "इज इट लाँग?" म्हणत सोफ्यावर बसली. नवराही दारात येऊन उभा राहिला. मी वाचायला लागले. वाडा आला, खोली आली, ओटा आला. स्वल्पविरामांना थांबत गेले. आजी फाटकात आली, तिनं डबा पुढे केला आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्या आईनं धाडलंय." मी पाण्याचा पेला उचलला, तोच फोनमधून अण्णांनी पुढचं वाक्य म्हटलं. त्यांना ते पाठ होतं.

"मी डबा घेतला आणि म्हणालो, बाई, आईला माझा नमस्कार सांगा."